कल्पिताच्या कानात कोण रडलं?

१

यातला शब्द न् शब्द खरा आहे हो! ज्याला पटत नसेल त्यानं थळच्या धक्क्यावर यावं, चार माणसांत शपथ घेते. खोटं निघालं तर भरतीच्या पाण्यात उडी मारीन, आणि मला पोहता येत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

तर नागावात, नारळाच्या वाडीतल्या एका हॉलात, भर दुपारी, भरल्या सभेत एका पोरीचे हात चोरीला गेले.

हात तसे जागेवर होते. मनगटाला चिकटलेले, बोटं शाबूत, बोटांत मोबाईल. पण ते हात कल्पिताचे नव्हते. कल्पिताचे हात म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. मोबाईलवर ‘बुरुज’ नावाचा गेम असतो. आपला बुरुज राखायचा, समोरच्याचा पाडायचा. त्या गेममध्ये पनवेलपासून मुरुडपर्यंतची पोरं तिनं लोळवली होती. एकदा खेळताना तिच्या अंगठ्यावर फुलपाखरू येऊन बसलं ते मॅच संपेस्तोवर उठलं नाही. अंगठा चालू होता, तरी उठलं नाही! असे हात.

आणि आज फायनलच्या पहिल्याच डावात ते थरथरत होते. मोठ्या पडद्यावर तिचा बुरुज ढासळत होता आणि कल्पिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. समोर बसलेली उरणची हेमालीसुद्धा खेळायचं सोडून तिच्याकडेच बघायला लागली. डाव गेला.

“प्रेशर!” हेमालीचे कोच शिवदास सर मागून म्हणाले. “गाव की लडकी, बडा स्टेज. होता है.”

पहिल्या रांगेत कल्पिताची मावशी नूतन बसली होती. थळला तिचं ब्युटी पार्लर. अलिबागपासून आगरदांड्यापर्यंत नवऱ्या सजवायला तिलाच बोलावतात. आता नवरी सजवणाऱ्या बाईचा खरा दुश्मन कोण? रडणं. तासन्‌तास खपून केलेला मेकअप बघता बघता धुऊन जातो. म्हणून रडण्याचा नूतनइतका अभ्यास कुठल्या डॉक्टरनंही केला नसेल. घाबरून रडणारीचे आधी ओठ सुकतात. रागानं रडणारीचं आधी नाक लाल होतं.

कल्पिताची आधी हनुवटी हलली होती.

हनुवटी आधी हलते ती एकाच वेळेला. पण ती वेळ इथं, मोबाईलच्या मॅचमध्ये, आली कशी?

“हे प्रेशर न्हाय,” नूतन उठत म्हणाली. “माझ्या पोरीला कुणीतरी रडवलंय.”

२

स्टेजमागच्या खोलीत कल्पिता पाण्याची बाटली धरून बसली होती.

“मावशी, मी घाबरले न्हाय गो. आईशप्पथ. ट्रॅक ऐकला, स्टेजवर गेले, आणि एकदम आईच आठवली. अशी आठवली, जशी मी कुठं लांब चाललेय आणि ती दारात उभी हाय.”

“आणि आई कुठाय आत्ता?”

“बाजारात, बोंबील विकतेय. सकाळीच भांडून आले तिच्याशी.”

हल्ली गेम खेळणारी पोरं खेळायच्या आधी कानात आवाज घालून घेतात. डोकं थंड करणारा आवाज, चेव आणणारा आवाज, झोप उडवणारा आवाज. त्याला ट्रॅक म्हणतात. शिवदास सर तर नवी मुंबईत असले ट्रॅक बनवूनच देतात. कल्पिताचा ट्रॅक मात्र घरचा होता, तिच्या चुलत भावानं, ओंकारनं बनवलेला. ओंकार बेंजो पार्टीत बेंजो वाजवतो. तो काय करून आला, तर धक्क्याला बांधलेल्या होडीच्या पोटात शिरला, आतून फळीला माईक लावला आणि बाहेरून थापटणारं पाणी रेकॉर्ड केलं. त्याखाली बेंजोचा एकच सूर, लांबच लांब. कल्पिता तान्ही असताना त्याच होडीत झोपायची. तो आवाज कानात गेला की तिचं काळीज होडीसारखं संथ डुलायला लागायचं आणि हात मोकळे व्हायचे. नूतननं एकदा तो पार्लरमध्ये स्पीकरवर लावला, तर भुवया कोरून घेणारं गिऱ्हाईक घोरायला लागलं. बाई अंधार पडल्यावर उठल्या आणि एकच भुवई घेऊन घरी गेल्या.

आजची फायनल जिंकणारीला पुण्याच्या टीममध्ये जागा होती. तिथंच राहायचं, शिकायचं, खेळायचं. आणि कल्पिताच्या बापानं, धर्माजीनं, घरात जाहीर केलं होतं, “हरलीस तर तो मोबाईल खाडीत, आणि तू आईच्या शेजारी मासळीची पाटी घेऊन बसायचं. मी बघायला बी येणार न्हाय.” तीन डावांतला एक गेला होता. आता पुढचे दोन्ही जिंकले तरच पुणं.

“सकाळी कसा होता ट्रॅक?” नूतननं विचारलं.

“सकाळी मस्त. सेमीफायनलला ऐकला ना. जेवणानंतर परत ऐकला, आणि...” तिची हनुवटी पुन्हा हलायला लागली.

म्हणजे जे काय झालं ते जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा फोन ओटीवर चार्जिंगच्या टेबलावर पडला होता, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत. वाडी गणराजची, हॉल त्याचा, स्पर्धाही त्यानंच भरवलेली. त्यानं हेडफोन लावून ट्रॅक ऐकला.

“पाणी वाजतंय, ताई. दुसरं काय न्हाय. पुढचा डाव चहानंतर. तोवर काय शोधायचं ते शोधा, मला थांबवता येणार नाय.”

मग नूतननं हेडफोन घेतले. पाणी. होडीची फळी. बेंजोचा सूर. सगळं तेच. डोळे मिटून ती ऐकत राहिली. तरी तेच.

“मावशी,” कल्पिता म्हणाली, “हातात काय घेतलंस?”

नूतननं डोळे उघडले. तिच्या उजव्या हातात मेकअपचा स्पंज होता. पर्स कधी उघडली, स्पंज कधी काढला, तिला पत्ताच नव्हता.

३

नूतनच्या डोक्याला कळलं नव्हतं ते तिच्या हाताला कळलं होतं. तिनं आवाज वाढवून पुन्हा ऐकलं, आणि पाण्याच्या तळाशी, बेंजोच्या सुराला चिकटून, एक म्हातारा आवाज सापडला. शब्द कळत नव्हते. चाल कळत होती.

पाठवणीचा धवला!

आमच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते. देवांना बोलावण्यापासून हळदीपर्यंत सगळं ती गाऊन करते, त्या गाण्यांना धवले म्हणायचं. आणि नवरी निघाली की शेवटचा, पाठवणीचा धवला. तो सुरू झाला की मांडवातल्या बायकांची आधी हनुवटी हलते, मग त्या एकजात फुटतात, आणि नूतन स्पंज घेऊन पुढे होते. वर्षानुवर्षं हेच. म्हणून तिचा हात आपोआप चालला. कल्पिताची थोरली बहीण मैना दिघीला दिली तेव्हा ह्याच धवल्याला कल्पिता तिच्या गळ्यात पडून अशी रडली, की आगरदांड्याची फेरीबोट खोळंबली. बोटवाला भोंगा वाजवायचा सोडून स्वतःच नाक पुसत बसला होता.

“कुणीतरी मुद्दाम घातलाय मावशी.”

“मुद्दाम की कसं ते बघते. तू तोंड धू.”

शिवदास सर जेवणाच्या सुट्टीत चार्जिंगच्या टेबलाजवळच खुर्ची टाकून बसले होते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

“मॅडम, मैं क्यों करूँ?” ते भडकले. “माझे ट्रॅक परदेशी मशीनवर बनतात. हे पाण्याचं डबडं मी हातात पण नाय घेणार.”

“हातात नका घेऊ. कानात घ्या.”

त्यांनी ऐकलं. मान डोलावली, पायानं ठेका धरला. “रिलॅक्सिंग आहे. नॉट बॅड. किसने बनाया?” नूतननं बोट दाखवून दाखवून म्हातारीचा आवाज ऐकवला, तेव्हा म्हणाले, “हे काय, भजन आहे का?”

नूतननं त्यांना मनातल्या मनात बाजूला काढलं. ज्याला धवला आणि भजन सारखंच, त्याला धवल्यानं पोर रडवायची अक्कल येणार कुठून?

हेमालीची गोष्ट वेगळी. उरणची आगरी पोर, बापाचे ट्रेलर चालतात. तिच्याकडच्या लग्नांत धवलारीण असते, तिला हे सगळं ठाऊक असणार. शिवाय सकाळी “तुझा ट्रॅक दे ना ऐकायला” म्हणून तिनंच कल्पिताचा फोन मागून घेतला होता.

“भारी होता काकी तो,” हेमाली शिवदास सरांकडे चोरून बघत म्हणाली. “खरं सांगू? सरांच्या ‘अटॅक’ ट्रॅकनं मला नुसती मळमळ होते.”

“मग आता परत ऐक.”

हेमालीनं हेडफोन लावले. जरा वेळ गेला. हनुवटी हलली. आणि मग जी रडायला लागली, ती थांबेचना. “आत्या आठवली गो काकी... तिच्या लग्नात आजी कशी...”

“हेमाली! फोकस! फोकस!” शिवदास सर धावत आले.

नूतननं तिच्यापुढे स्पंज धरला. ह्या पोरीनं घातला असता तर पुढचा डाव तोंडावर असताना स्वतःच्या कानाला लावून घेतला असता का? ही पण सुटली.

आता नूतन ओटीच्या पायरीवर बसून विचार करायला लागली. ज्याला हा धवला जवळून ठाऊक आहे, त्याला तो पुन्हा पुन्हा ऐकत पाण्याखाली जोडत बसणं जमलंच नसतं. रडून बेजार झाला असता. आणि ज्याला लग्नंच ठाऊक नाहीत, त्याला तो मिळणार कुठून? म्हणजे असा माणूस पाहिजे जो जन्मभर लग्नांत वावरला, आणि नेमका हा एकच धवला त्यानं ऐकला नाही.

असा माणूस असतो का कुठं?

तेवढ्यात तिच्या डोळ्यांसमोर दुपारच्या पंगतीतलं एक ताट आलं.

४

त्या दिवशी संकष्टी होती. गणराज पक्का गणपतीवाला, त्यामुळे वाडीत मासळीचा वास नाही. कोळ्यांची पोरं तोंड वाकडं करून पंगतीला बसली होती. पण वालाचं बिरडं असं झालं होतं की त्याच्या वासानं रस्त्यावरच्या मोटारी थांबत होत्या. सगळे बोटं चाटत होते. ताट भरलेलं राहिलं होतं ते एकट्या ओंकारचं. बिरड्यासाठी लग्नात पहिल्या पंगतीला बसून शेवटच्या पंगतीलाही बसणारा ओंकार, ताट टाकून उठला होता आणि बाहेर बेंजोच्या टेम्पोत लॅपटॉप उघडून बसला होता.

आताही तो टेम्पोलाच टेकून उभा होता.

“काय रे ओंकार,” नूतन सहज विचारल्यासारखी म्हणाली, “पाठवणीच्या वेळी तुमची बेंजो पार्टी कुठं असते?”

“कुठं म्हणजे? टेम्पोत. हळद वाजवली, वरात वाजवली, की सामान भरायचं. आत बायका रडतात, आमचं काय काम?”

“धवला ऐकायला येत असंल की.”

“टेम्पोचं इंजिन चालू असतं ना मावशी. म्हातारी काहीतरी म्हणते एवढं कळतं.”

“हां. घे, हे ऐक.”

हेडफोनचा एक कान तिनं ओंकारच्या कानाला लावला, दुसरा स्वतःच्या कानाशी धरला. ओंकारच्या डोळ्यांत टिपूस नाही. पण बेंजोवाल्याचं बोट कधी गप्प बसतं का? टेम्पोच्या पत्र्यावर ते पाण्याबरोबर ठेका देत होतं. आणि म्हातारीचा आवाज सुरू व्हायच्या किंचित आधी ते थांबलं. कुणाची तरी वाट बघावी तसं.

गणराजला तो आवाज सापडला नव्हता. शिवदास सरांना बोट धरून दाखवावा लागला होता. ओंकारला तो कुठं येणार हे आधीच माहीत होतं.

“मेल्या,” नूतन म्हणाली, “तूच घातलास.”

ओंकारचा चेहरा उतरला. “मी वाईटासाठी न्हाय केलं मावशी! आशीर्वादाचं गाणं हाय म्हणून सांगितलं मला. जेवताना फोनवर आलं, मी घाईघाईत खाली जोडलं आणि टेबलावरच्या तिच्या फोनात टाकलं. तिला कळू द्यायचं न्हाय, असं बोलले.”

“कोण बोलले?”

ओंकारनं तोंड घट्ट मिटलं. डोळे मिटायला मात्र विसरला. ते नूतनच्या खांद्यावरून मागे, फाटकाबाहेरच्या सुरूच्या झाडाकडे गेले.

झाडामागून पांढऱ्या शर्टाची बाही दिसत होती. कडक इस्त्रीची.

५

“भावजी, बाहेर या,” नूतन म्हणाली. “झाड बारीक हाय. तुम्ही न्हाय.”

धर्माजी बाहेर आला. बघायला बी येणार नव्हता तो धर्माजी. केसांत सुरूच्या काड्या अडकल्या होत्या, म्हणजे सकाळपासून तिथंच होता.

“तुम्ही तर येणार नव्हता.”

“आलो न्हाय. इथनं जात होतो.”

“मैनाच्या लग्नातला शर्ट घालून?”

धर्माजी चपलेनं वाळू उकरायला लागला. “जिंकणार ती. मना ठाऊक होतं. सगळ्यांना लोळवते, मी काय बघत न्हाय काय? रात्री ती झोपली की तिच्या मॅची बघतो मी मोबाईलवर. जिंकली की जाणार. आपली पोर धवल्याशिवाय कवा उंबऱ्याबाहेर पडलीय? म्हणून कृष्णाबाईला बोललो, एक धवला म्हण फोनवर. बाकी मना काय कळतं यातलं?”

“आणि मोबाईल खाडीत टाकणार होता तो?”

“ते घरात बोलायचं असतं.”

हसावं की ओरडावं नूतनला कळेना. तिनं तिथूनच कृष्णाबाई धवलारणीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“व्हय, मीच म्हटला!” कृष्णाबाई कडाडली. “धर्मा बोलला, पोर घर सोडून पुण्याला चाललीय. मग कुठला म्हणायचा मी? हळदीचा? ती काय हळद लावून बसलीय? घर सोडणाऱ्या पोरीला आमच्याकडं एकच धवला हाय गो बाय, रडवायचा. जिंकायला निघालेल्या पोरीचा धवला माझ्या आजीनं केला न्हाय, पणजीनं केला न्हाय. त्यांच्या पोरी कुठं निघाल्या होत्या जिंकायला?”

कल्पिता कधी येऊन मागे उभी राहिली कुणालाच कळलं नव्हतं. तिनं बापाकडे पाहिलं. बापानं समुद्राकडे.

हॉलातून गणराजची हाक आली. चहा संपला होता.

६

सगळं ऐकून गणराज पहिला डाव रद्द करायला तयार झाला. शिवदास सर तणतणायच्या आतच कल्पिता म्हणाली, “नको दादा. आमच्याच घरच्यांनी केलं. गेला तो गेला.”

“जुना ट्रॅक लावू?” ओंकारनं रडवेल्या आवाजात विचारलं.

“आता पाणी ऐकलं की मागं तो धवलाच ऐकू येईल रे. पण पुसू नको तो. ज्या दिवशी खरंच निघेन त्या दिवशी ऐकायचाय मला.”

मग आता कानात काय घालायचं? फोन अजून चालूच होता. नूतन त्यात ओरडली, “कृष्णाबाई, तुमच्या पणजीनं केला न्हाय ना? मग तुम्ही करा. आत्ताच्या आत्ता!”

“असा उभ्या उभ्या धवला होतो काय?”

“तुमचा सगळ्यात पहिला धवला कुणीतरी उभ्या उभ्याच केला असंल ना?”

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. गणराजनं धावत जाऊन फोन हॉलच्या माईकला लावला, म्हणजे दोघी पोरींना सारखंच ऐकू येईल. हेमालीनं ‘अटॅक’चे हेडफोन काढून शिवदास सरांच्या हातात दिले. आणि वाडीभर कृष्णाबाईचा आवाज घुमला:

“निघाली गो पोर निघाली, बोटांच्या होडीनं,
परत येईल भरतीला, जिंकल्या गोडीनं...”

ओंकारनं आयुष्यात पहिल्यांदा एक धवला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. धावत टेम्पोतून बेंजो आणला आणि खाली एकच सूर धरला, लांबच लांब. वाडीतले नारळ पडायचे थांबले. समुद्रावर उंटवाला उंटासकट थांबला. ज्यांना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं त्या बायकासुद्धा सरसावून बसल्या.

दुसरा डाव कल्पितानं असा जिंकला की बघणाऱ्यांना श्वास घ्यायची आठवण राहिली नाही. तिसरा मात्र खरा डाव. हेमालीही काय खेळली! दोघींचे बुरुज पडत पडत एकेका दगडावर आले. तेवढ्यात खिडकीतून ते फुलपाखरू आत आलं. होय, तेच. आधी हेमालीच्या अंगठ्यावर टेकलं, विचार बदलला, आणि कल्पिताच्या अंगठ्यावर जाऊन बसलं. अंगठा हलला. हेमालीचा बुरुज कोसळला.

हेमालीनंच पहिली मिठी मारली. “पुण्याला जाऊन मला विसरू नको हां. आणि आजीबाईंचा धवला पाठव.” शिवदास सर कोपऱ्यात ओंकारला हळूच विचारत होते, “वो बुढ़िया का नंबर मिलेगा?”

मग धर्माजी पुढे आला. त्यानं कल्पिताच्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि समुद्राच्या बाजूच्या दाराकडे चालायला लागला. अख्खा हॉल उभा राहिला.

“भावजी!” नूतन किंचाळली.

दारात धर्माजी थांबला. इस्त्रीच्या शर्टाचं टोक बाहेर ओढून त्यानं मोबाईलची काच पुसली, उजेडात धरून बघितली, परत पुसली, आणि मोबाईल पोरीच्या हातात दिला.

“बॅटरी उतरलीय,” तो म्हणाला. “पुण्याला जास्तीचा चार्जर ने.”

नूतन स्पंज घेऊन पुढे झाली, तसा तो गुरकावला, “रडतोय कोण? डोळ्यात खवला गेलाय.” आणि नूतननं बघितलं तर खरंच, डोळ्याच्या कोपऱ्यात जिताडा माशाचा खवला, चांगला रुपयाएवढा!

तर अशी ही गोष्ट. शब्द न् शब्द खरा, फुलपाखरासकट, उंटासकट. तो खवला तेवढा मी घातला. धर्माजी बोलला होता, असंच सांगायचं सगळ्यांना. पण संकष्टीचा दिवस, नुकता इस्त्री केलेला शर्ट, खवला येणार कुठून?

त्याची आधी हनुवटी हलली होती.